मनकर्णाच्या मापाचे हातमोजे

१८ ऑगस्ट

आज शेतावर गेले होते. हे गेल्यापासून ‘शेत विकून टाका’ म्हणणारे पुष्कळ भेटले. पण दर्यापूर रस्त्यावरचा तो तुकडा विकला तर अमरावतीच्या या घरात मी नुसती भिंती पाहत बसणार. म्हणून यंदा झेंडू आणि वांगी मीच पाहते आहे. पाहते म्हणजे काय, देवीदासभाऊ आणि मनकर्णा सगळं करतात आणि मी बांधावर खुर्ची टाकून बसते.

मनकर्णानं चहाचा कप हातात दिला तेव्हा तिचे हात नीट दिसले. नखं पिवळी पडलेली, बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली. फवारणीचं औषध पिपात कालवायचं काम तिचं. देवीदासभाऊ पाठीवर पंप घेऊन फवारतात, ती कालवून भरून देते. आज पाहिलं तर कोपरापर्यंत हात घालून ढवळत होती.

"मनकर्णा, काडी कुठं गेली?"

"काडीनं तळचं हालत नाई बाई. हातानं बरं समजते, गाठ राह्यली का नाई ते."

"आग होत नाही?"

"होते नं. मंग चुलीची काय कमी होते?" आणि हसली. समोरचा दात पडल्यापासून तिचं हसणं अगदी पोरीसारखं झालं आहे.

मी सून होऊन आले त्याच वर्षी तीही देवीदासभाऊंच्या घरी आली. मला भाकरी थापता येत नव्हती. माझ्या हातांवर हात ठेवून तिनं ती शिकवली होती. तेच हात हे.

हातमोजे आणायचे. एवढं तरी मला जमेल.

२३ ऑगस्ट

शाळेतली मैत्रीण अकोल्याला असते, तिच्या नातवाच्या बारशाला गेले होते. परतताना बाजारात एका दुकानात शिरले. हेल्मेट, गमबूट, दोर, सगळं टांगलेलं. हातमोजेच किती तऱ्हांचे! वेल्डिंगवाल्यांचे कातडी, राखाडी विणलेले, दवाखान्यातले पातळ पांढरे, काही निळे, आणि हिरवे रबरी, कोपरापर्यंत येणारे.

"कशासाठी पाहिजे, मॅडम?"

"शेतकामासाठी."

"शेतकामाले मंग कोन्तेही न्या. काटे-बिटे असन तं हे कातडी घ्या, नाई तं हे विनलेले. हलके आहेत."

मी विणलेले हातात घालून पाहिले, खरखरीत होते. कातडी फार महाग. शेवटी हिरवे रबरी घेतले, कारण माझ्या शाळेच्या कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात सिस्टर्स भांडी घासताना तसलेच घालायच्या. गाडीत बसल्यावर उगीच डोळे भरून आले. कोणासाठी काही विकत घेऊन घरी जाणं, हेच मुळी विसरायला झालं होतं.

२७ ऑगस्ट

माझे हिरवे हातमोजे सपशेल नापास.

मनकर्णानं तासाभरात काढून टाकले. आतून घामाचं पाणी निथळत होतं आणि बोटं सुरकुतून पांढरी झाली होती. प्रतीक्षा नावाची शेजारच्या शेतकऱ्याची सून आहे, तीही कामाला येते. तिनं तर एकच बोट घातलं आणि किंचाळली.

"माय व! हात शिजते ना याच्यात!"

"सवय होईल," मी म्हटलं.

मनकर्णा म्हणाली, "बाई, तुमी घाला अन् दोन पोते वांगे तोडून दाखवा. मंग आमी घालतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले. दुपारी पाहिलं तर बुजगावण्याच्या दोन्ही हातांना ते हिरवे हातमोजे चढवलेले. देवीदासभाऊ ओशाळून काढायला निघाले तेव्हा मनकर्णा म्हणते, "राहू द्या हो, त्याले घाम येत नाई."

येताना मात्र मन खट्टू झालं. तिचे हात तसेच आहेत.

३१ ऑगस्ट

सुचलं! शिवायचे.

सिस्टर ॲग्नेस आम्हाला नीडलवर्क शिकवायच्या. त्यांच्या टेबलावर नेहमी निलगिरीचा वास असे. थंडीत मिशनच्या अनाथ मुलांसाठी हातमोजे शिवायचो आम्ही, आणि अंगठ्याचा सांधा जमला नाही की त्या काही न बोलता सगळी शिवण उसवून परत हातात ठेवत. तो अंगठा मला अजून येतो. सकाळी जुन्या चादरीवर करून पाहिला, पहिल्याच फटक्यात जमला.

रबरात घाम कोंडतो. सुती कापडात हात श्वास घेतो. आपल्या कापसाच्या मुलखात हे आधी कसं सुचलं नाही? जाड मांजरपाट, दुहेरी, आणि मध्ये पातळ कापसाचा थर. लहान गोधडीच जणू. आत काही लागायचंच नाही.

माप घ्यायला शेतावर गेले. वर्तमानपत्र पाटीवर पसरून मनकर्णाला हात ठेवायला सांगितलं आणि पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ काढली.

"गुदगुल्या होऊन राह्यल्या नं बाई!"

"हलू नकोस, बोट वाकडं होईल."

"आता कोन्तं सरळ हाय?"

तिचा हात मोठा आहे, पुरुषासारखा. मोठ्या मापाचा एकच नमुना केला की सगळ्यांना होईल. लहान हाताला थोडा ढगळ झाला तर काय बिघडलं?

९ सप्टेंबर

गणपतीतही मशीन चालूच होतं. सगळ्यांचे झाले. आज वाटले.

मनकर्णासाठी दोन जोड. एक साधा, रोजचा. दुसऱ्याच्या मनगटावर झेंडूचं फूल भरलं, पिवळ्या-केशरी दोऱ्यानं. तिनं ते फूल बोटानं चाचपलं, मग पदरात गुंडाळलं आणि म्हणाली, "हे कामाचे नाई."

"मग कशाचे?"

"ठेवायचे."

साधे घालून तिनं तिथल्या तिथं पीप ढवळलं. म्हणाली, "हाताले मऊ लागते. आग बी नाई झाली." मला आत काहीतरी उजळल्यासारखं झालं. आज देवापाशी ह्यांच्या फोटोला म्हटलं, बघा, मलाही शेतीतलं कळतं.

१५ सप्टेंबर

हातमोज्यांचं कौतुक शिवारभर झालं आहे. प्रतीक्षानं माझा कागदी नमुना एका दिवसासाठी मागून नेला आणि तिच्या सासरच्या बायकांसाठी शिवून घेतले. तिच्या माहेरी, दर्यापूरकडेही चार जोड गेले म्हणे.

संध्याकाळी सगळे हातमोजे कुंपणाच्या तारेवर वाळत घालतात. ओले असताना जड होतात, वाळले की पापडासारखे कडक. सकाळी तेच घालायचे. त्यांना औषधाचा केवढा वास येतो! एवढं सगळं त्यांनी झेललं, म्हणजे तेवढं हाताला लागलं नाही. पूर्वी कुठं जात असेल ते?

२१ सप्टेंबर

मनकर्णाचं डोकं दुखतंय. डोळ्यांपुढं धुकं येतं म्हणते, आणि तोंडाला सारखं पाणी सुटतं. परवा उलटी झाली.

"वय झालं बाई. तुमाले नाई दिसत धुकं?"

मलाही दिसतं, मोतीबिंदूचं. दसरा झाला की दोघींचे डोळे एकदमच तपासून घ्यायचे ठरवलं. तिला म्हटलं, चार दिवस घरी राहा. तर म्हणे, दसऱ्याच्या फुलावर अळी पडली, आता कोण घरी बसते?

निदान हातमोजे न चुकता घालते. तिचंच बघून बाकीच्याही घालतात.

२६ सप्टेंबर

मनकर्णा काल शेतात पडली.

सकाळपासून औषध कालवत होती. दुपारी झेंडूच्या वाफ्यात गुडघ्यावर बसली ती उठलीच नाही. तोंडाला फेस, अंगाला घामाच्या धारा, दंडाचं मांस आपोआप उडत होतं. देवीदासभाऊंनी पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. मी बातमी कळताच सरकारी दवाखान्यात गेले.

तरुण डॉक्टर होती, फार थकलेली. पहिलाच प्रश्न, "घरात भांडण वगैरे झालं होतं का? हिनं काही प्यायलं का?"

देवीदासभाऊ भिंतीला टेकले. "आमच्यात भांडन होत नाई हो मॅडम. तीच बोलते, मी आयकतो."

मग तिनं एकेक विचारलं. तोंडाला फडकं होतं? होतं. शेतात काही खाल्लं? नाही. कपडे भिजले होते? नाही. हात?

मी पुढे झाले. "हातमोजे होते. न चुकता घालते. मी स्वतः दिलेत."

"मग बरं," ती म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

त्यातल्या त्यात तेवढाच आधार वाटला मला.

२८ सप्टेंबर

इंजेक्शनांनी फेस थांबला, घामही थांबला. आता तोंड कोरडं पडलं आहे आणि ती भ्रमात आहे. डोळे सताड उघडे, पण कोणाला ओळखत नाही. हवेत हात नेऊन काहीतरी खुडते, कुशीला नेऊन टाकते, परत खुडते. पाहणाऱ्याला कळणार नाही. मला कळलं. ती फुलं तोडते आहे.

त्या हालचालीत दोनदा सलाईनची सुई निघाली. नर्सनं तिचे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधले. मनगटं लाल झाली आहेत. चूक नर्सची नाही, तिच्या वाट्याला वीस खाटा. पण मी ते बघू शकत नाही. ती खुडायला हात उचलते, पट्टी ताणते, हात परत पडतो. असं सारखं.

देवीदासभाऊ म्हणाले, "बाई, तिले म्हना, दसऱ्याले अजून वेळ हाय."

मी वाकून कानात सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

२९ सप्टेंबर

एक मार्ग सापडला. बोटं झाकलेली असली तर तिला सुई ओढता येणार नाही आणि हात बांधावे लागणार नाहीत. नर्सला विचारलं. ती म्हणाली, "आणा मावशी, मऊ काही असेल तर."

शेतावर जाऊन मनकर्णाचा साधा जोड आणला. तारेवरच होता. फुलवाला कुठं ठेवलाय ते देवीदासभाऊंनाही ठाऊक नाही. घरी येऊन परातीत कोमट पाणी आणि साबण घेऊन स्वतः धुतले. सिस्टर ॲग्नेस लोकरीचं धुवायला शिकवत तसे, पिळायचं नाही, फक्त दाबायचं. पाणी पिवळं येत राहिलं. दाबत राहिले, बोटाबोटानं. एक एक बोट धुताना तिचा हातच धुते आहे असं वाटत होतं. वास जवळजवळ गेला.

मग अंगठ्याची उसवलेली शिवण घालायला बसले तर सुईत दोरा ओवेना. सगळं अंधारून आल्यासारखं, दिवा लावला तरी. तोंडाला पाणी सुटत होतं, मळमळत होतं. दिवसभर रडणं झालं आणि पोटात काही नाही, दुसरं काय होणार?

३० सप्टेंबर

पंख्याखाली रात्रभर ठेवले तरी आतून थोडे दमटच होते. तरी घातले. हातात बसले तेव्हा तिनं खुडणं थांबवलं. खरंच थांबवलं. हात छातीवर ठेवून शांत पडून राहिली. नर्सनं पट्ट्या सोडल्या.

"ओळखीचं लागलं तिले," देवीदासभाऊ म्हणाले, आणि आल्यापासून पहिल्यांदा बाहेर जाऊन चहा पिऊन आले.

आज मला झोप लागेल.

२ ऑक्टोबर

काल पहाटेपासून परत घाम. मग मान उचलेना, मग श्वास. श्वासाचं मशीन लावलं आहे.

आता लिहिते ते सलग लिहिता येईल की नाही माहीत नाही.

डॉक्टर खाटेपाशी होती. मी दाराशी चष्मा पुसत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, जरा इकडे या." टॉर्च डोळ्यांत मारला. दुसऱ्या डोळ्यात मारला.

"तुमच्या बाहुल्या इतक्या बारीक का? तुम्ही फवारणी केलीत?"

"मी? नाही हो. मी फक्त हातमोजे धुतले."

"कसले हातमोजे?"

मी मनकर्णाच्या हातांकडे बोट दाखवलं.

ती खाटेकडे धावली, ते दोन्ही ओढून काढले आणि नर्सला मोठ्यानं साबण-पाणी आणायला सांगितलं. मनकर्णाचे हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले. मग परत माझ्याकडे आली. तिचा आवाज चढला नाही, ते फार जड गेलं.

"काकू, मी समजले रबरी. हे कापडी आहेत."

"दुहेरी आहेत," मी म्हटलं. देवा, मी असं म्हटलं. "मध्ये कापूस आहे."

"औषध त्यातच मुरतं. दिवसभर ओला हात त्यात गुंडाळून ठेवल्यासारखं. याच्यापेक्षा उघडा हात बरा, निदान धुतला तरी जातो."

मी विचारलं, परवा मी घातले म्हणून का? ती म्हणाली, हा आजार तसाही चार दिवसांनी उलटतो. सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि मला इंजेक्शन देऊन बाकावर बसवलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला देवीदासभाऊ बसले होते. विचारलं, "तुमाले काय झालं बाई?" मी म्हटलं, काही नाही, थकवा.

४ ऑक्टोबर

मनकर्णा आज गेली.

७ ऑक्टोबर

शेतावर सगळ्याजणी बसायला आल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, "मनकर्णाकाकूनं हातमोजे घातले होते म्हनून एवढे तरी दिवस काढले. नाई तं जागेवरच गेली असती." सगळ्यांनी माना हलवल्या.

प्रतीक्षा माझा हात धरून म्हणाली, "काकू, आता आमी बी रोज घालतो. कंटाळा नाई करत."

उद्या फवारणी आहे. दसऱ्याआधीची शेवटची.

मी म्हटलं, सगळे हातमोजे मला द्या, धुऊन आणते. नको म्हणाल्या, तुम्ही आधीच खचल्या आहात. मग म्हटलं, कापड खराब निघालं, नवे शिवते. तर प्रतीक्षा म्हणाली, "मंग हे आठवन म्हनून राहू द्या. मनकर्णाकाकूच्या मापाचे हायेत नं."

रिकाम्या हातानं घरी आले. खरं सांगितल्याशिवाय ते कोणी देणार नाही. खरं सांगायचं तर देवीदासभाऊंच्या समोर सांगावं लागेल. सिस्टर ॲग्नेस असत्या तर काही न बोलता उसवून हातात ठेवलं असतं. मनकर्णाला कुठून उसवू?

मला मरण का आलं नाही त्या परातीपाशी?

८ ऑक्टोबर

पहिल्या बसनं गेले. पीप मांडलं होतं, प्रतीक्षा हातमोजे चढवत होती. मी तिचा हात धरला.

"काढ ते. यांनीच मेली ती."

सगळ्या थबकल्या. मी सांगितलं. कापड औषध पितं, ते हाताला पाजतं. मी शिवले, मीच घातले, आणि दवाखान्यात परत मीच घातले. देवीदासभाऊ पंप भरत होते. त्यांनी पंप खाली ठेवला. प्रतीक्षानं हातमोजे काढले, माझ्याकडे न पाहता, आणि विहिरीवर जाऊन हात धुऊ लागली. धुतच राहिली. दर्यापूरला माहेरी फोन लावून रडत सांगत होती, "घालू नको व माय, कोनालेच घालू देऊ नको."

देवीदासभाऊ माझ्याजवळ आले. वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"बाई, तुमी धुवून आनले होते नं?"

"हो."

"तिले गुन वाटला होता. शांत झाल्ती." मग म्हणाले, "मले असं काहून सांगितलं तुमी? नसतं सांगितलं तं मी तेवढंच धरून बसलो असतो."

मी डॉक्टरला फोन लावला, या हातमोज्यांचं काय करायचं ते विचारायला.

जाळायचे नाहीत, धूर वाईट, असं डॉक्टरनं फोनवर सांगितलं. विहिरीपासून लांब, पडीक कोपऱ्यात देवीदासभाऊंनीच खड्डा केला. मला कुदळ धरू दिली नाही. बुजगावण्याचे हिरवे हातमोजे त्यांनी काढले, स्वतः घातले, आणि कापडी जोड एकेक करून आत टाकले. आदल्या पावसानं खाली ओल होती. वाळून कडक झालेले हातमोजे तळहात वर करून पडले. कोणाच्याही हातचे असोत, सगळे एका मापाचे. अंगठ्याजवळचा तोच बाक, करंगळीला तोच तिरपेपणा. खड्डाभर मनकर्णाचे हात.

माती लोटण्याआधी ते शेतावरच्या आपल्या घरात गेले आणि पदराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. फुलाचा जोड. पिठाच्या डब्यामागे ठेवला होता तिनं. एकदाही न घातलेला, नव्या मांजरपाटाचा वास अजून होता.

"याले काई लागलं नाई," ते म्हणाले. "हा टाकू का?"

मी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही. त्यांनाही नाही. तो हातात धरून ते उभेच राहिले. तिकडे प्रतीक्षानं काडी शोधून आणली आणि पीप ढवळायला घेतलं.

संध्याकाळी मशीनचा खण उघडला. वर्तमानपत्रावरची पेन्सिलची रेघ तशीच आहे, एका बोटापाशी जरा हललेली, ती हसली होती तिथं.